फुलदाणीवाली जिजी

माणसाच्या तसबिरीत कुत्रं नको, असा एक अलिखित कायदा आपल्या घराघरांत आहे. आमची थोरली काकू, म्हणजे जिजी, गेली तेव्हा मी तो मोडायला निघालो आणि तोंडघशी पडलो.

जिजी फोटोत आयुष्यात एकदाच हसली. धुळ्याच्या घराच्या ओट्यावर, शेजारी मोत्या, त्याच्या डोक्यावर तिचा हात. तव्यावरची पहिली कळण्याची भाकरी मोत्याची, मग आमची, हा तिचा रिवाज. त्या फोटोवरून मी जळगावच्या एका पेंटरला तैलचित्र करायला सांगितलं. 'कुत्र्यासकट' असं बजावूनही आलो. पण माझ्यामागून तिचे चिरंजीव, आमचे अण्णा, सांगून आले, "कुत्रं काढा हो. देवघराजवळ लावायचीय तसबीर, बरं दिसतं का?"

तसबीर आली. कुत्रं गेलं, हात राहिला! तो अधांतरी दिसतो म्हणून पेंटरने त्याखाली पितळी फुलदाणी काढली. आता आमची जिजी फुलदाणी कुरवाळते. पाहुणे विचारतात, "यांना फुलांची फार आवड होती वाटतं?"

अण्णा, तुमच्या देवघरातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, ती कधी खरवडलीत का? खंडोबाच्या टाकावरही कुत्रा असतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. पाचवा चार्ल्स तर सम्राट! तिशियनने १५३३ साली काढलेल्या चित्रात तो उभा आहे, हात कुत्र्याच्या गळपट्ट्यावर. तिथे कुणी फुलदाणी सुचवली नाही. इंग्रज चित्रकार हॉगार्थने १७४५ च्या स्वतःच्या चित्रात आपला कुत्रा पुढे बसवला आणि स्वतः मागे राहिला.

म्हणे, कुत्र्याने प्रतिष्ठा जाते! स्टुडिओतला उसना कोट चालतो, तार नसलेला टेलिफोन चालतो, जन्मात न पाहिलेला धबधबा पाठीमागे चालतो. आणि बारा वर्षं पायाशी बसलेला मोत्या चालत नाही? तसबीर आठवणीसाठी लावायची की सोयरिकीसाठी?

जिजी गेल्यावर मोत्या तीन दिवस ओट्यावरून हलला नव्हता. आता तो त्या तसबिरीखालून जातो, पण मान वर करून बघत नाही. त्याला ओळख पटत नसावी.

मलाही पटत नाही.