आपल्या ॲपमधली परकी एसओ

गेल्या काही अंकांपासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: अपडेट अडकले. कोटलिनमधली एक ओळ बदलली, एखादे बटण हलवले आणि बिल्ड चढवायला गेलो, तर प्ले कन्सोल म्हणतो, ॲप १६ केबी पेज साइझवर चालत नाही. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढची आवृत्ती टार्गेट करणाऱ्या ॲपना १ नोव्हेंबर २०२५ पासून ही अट लागू झाली. गूगल २०२४ पासून ते सांगत होते आणि आपण ‘बघू नंतर’ म्हणत राहिलो.

शुद्ध कोटलिन-जावावाल्यांना या अटीचा त्रास नाही. अडकलो ते आपण, आवाज आणि व्हिडिओचे काम सी-प्लसप्लसमध्ये करणारे. आमचेही एक ॲप अडकले. हरिनाम सप्ताहातले कीर्तन फोनवर रेकॉर्ड करायचे, मांडवातली खरखर कमी करायची आणि व्हॉट्सॲपवर जाईल एवढी लहान फाइल करून द्यायची, इतकेच त्याचे काम. त्यात सात एसओ फाइली, म्हणजे नेटिव्ह कोडच्या बांधलेल्या लायब्रऱ्या. एकेकीला एलएलव्हीएम-ऑब्जडम्प लावून लोडच्या ओळी पाहिल्या. सहांपुढे अलाइनमेंट २ चा १४ वा घात, म्हणजे १६ केबी. सातवीपुढे १२ वा घात, म्हणजे जुने ४ केबी. ही सातवी विकत घेतलेली, नॉइज रिडक्शनची. सोर्स आमच्याकडे नाही, करारात तो मिळण्याची सोय नाही. कंपनीला तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आले, शब्द न शब्द सारखे: आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. इकडे परळीत महाशिवरात्र तोंडावर आलेली, वैद्यनाथाच्या गर्दीत रेकॉर्डिंग करणारे लोक नव्या व्हर्जनबद्दल विचारत होते.

सहा आठवड्यांनी आम्ही ती लायब्ररी काढून टाकली. तिच्या जागी आरएनएनॉइज स्वतः कंपाइल करून घातले. ते मोफत आहे, सोर्स उघडा आहे, ४८ किलोहर्ट्झच्या आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे घेते. दोन दिवसांचे काम होते. ते पहिल्याच आठवड्यात का केले नाही, याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

इथे गूगलमध्ये धोरण आखणाऱ्यांनाही बोलले पाहिजे. आदेश निघतो तो ॲपवाल्याच्या नावाने. अपडेट थांबते ॲपवाल्याचे, शिव्या खातो ॲपवाला. ज्याने एसओ विकली त्याच्यावर कसलेही बंधन नाही. शिवाय परळीच्या बाजारात आमच्या वापरकर्त्यांच्या हातात जे फोन दिसतात ते ४ केबीचेच. १६ केबीची चाचणी घ्यायची तर एम्युलेटर लावा, नाही तर पिक्सेल ८ किंवा त्यापुढचा फोन आणून डेव्हलपर ऑप्शनमधून १६ केबी पेज साइझ चालू करा. तालुक्याच्या गावात दोघे-तिघे मिळून दुकान चालवणाऱ्याला हे परवडते का, असा प्रश्न तिथे कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

तरीही आदेश तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. रॅम वाढली, तेव्हा पेजही मोठे होणारच. मेमरीवर ताण असताना ॲप सरासरी ३.१६ टक्के लवकर उघडते, असे गूगलने मोजून सांगितले आहे. आणि दुरुस्ती अवघडही नाही. एनडीके आर२८ आपोआप १६ केबीला जुळवून देतो. आर२७ मध्ये फ्लेक्झिबल पेज साइझचा पर्याय चालू करावा लागतो. त्याहून जुना असेल तर लिंकरला कमाल पेज साइझ १६३८४ आहे हे स्वतः सांगावे. अँड्रॉइड ग्रॅडल प्लगइन ८.५.१ च्या खाली ठेवू नका. कोडमध्ये कुठे ४०९६ हा आकडा टाइप करून ठेवला असेल तर तो शोधून काढा, कारण तो रिबिल्डने जात नाही. पण हे सगळे सोर्स हातात असेल तरच. अडचण तिथेच आहे.

आमचे काही सभासद अजून एफएफएमपेगकिटच्या तयार बायनरीवर आहेत. तो प्रकल्प जानेवारी २०२५ मध्ये बंद जाहीर झाला, पुढे बायनरीही काढून घेतल्या गेल्या. कॅशमध्ये जुनी प्रत आहे म्हणून बिल्ड होते. लॅपटॉप बदलला की ते कोसळेल. एफएफएमपेग स्वतः बांधा, आणि बांधताना परवाना वाचा: एक्स२६४ घातले की सगळे जीपीएलखाली जाते. एच.२६४ एन्कोडिंगसाठी फोनमधले हार्डवेअर आहेच, आणि अँड्रॉइड ५ पासून मीडियाकोडेक नेटिव्ह कोडमधूनही मिळतो.

काही जण त्याहून जुन्या सवयीचे आहेत. लिबस्टेजफ्राइट डीएलओपनने उघडून सिस्टीमचे डिकोडर वापरायचे, हा एके काळचा आपला रोजचा मार्ग. २०१५ मध्ये स्टेजफ्राइटमधल्या त्रुटी उघड झाल्या आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने खासगी लायब्रऱ्यांचे दार बंद करायला घेतले. ते बंद झाले हे बरेच झाले. एमएमएसमधून आलेल्या व्हिडिओने लोकांचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. आपल्या सोयीपेक्षा ती गोष्ट मोठी.

स्वतःचा कोड स्वतःच्या हातात असला की काय होते, ते मोंढ्याजवळच्या एका भजनी मंडळात पाहिले. आमच्या पखवाजाच्या ॲपवर तिथले पखवाजवादक बोट टेकवत होते आणि ‘धा’ मागून येत होता. ते म्हणाले, ‘‘साहेब, बोल बरोबर आहे, पण तो मला विचारून वाजतोय.’’ आवाजाचे नमुने ४४.१ किलोहर्ट्झचे होते, स्ट्रीमही त्याच दराने उघडलेली. फोनचे आउटपुट ४८ चे. दर जुळेना, म्हणून जलद मार्ग मिळत नव्हता, आवाज रीसॅम्पल होऊन लांबच्या वाटेने जात होता. तिथेच सतरंजीवर बसून नमुने ४८ ला बदलले, ओबो या ऑडिओ लायब्ररीमधून लो लेटन्सी मागितली, बर्स्ट १९२ फ्रेमचा, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा होता, बफर दोन बर्स्टचा ठेवला. त्यांनी हरिपाठाच्या ठेक्यात पूर्ण आवर्तन वाजवले. ब्लूटूथ स्पीकर मात्र लावू नका असे सांगितले. तिथे होणारा उशीर आपल्या कोणत्याही कोडने जात नाही. बंद डब्यातली ऑडिओ लायब्ररी असती तर त्या सतरंजीवर आम्हाला काहीही करता आले नसते.

ओपनएसएल ईएसचा कोड अजून जिवंत ठेवणाऱ्यांनीही आता ओबोकडे यावे. अँड्रॉइड ८ च्या पुढे ते एऑडिओ वापरू शकते, जुन्या फोनवर ओपनएसएलवर उतरते. दोन्ही सांभाळायची गरज उरत नाही.

म्हणून वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी आपली एपीके उघडा. लिब फोल्डरमधल्या प्रत्येक एसओपुढे लिहा: सोर्स कोणाकडे, कोणत्या एनडीकेने बांधली, अलाइनमेंट किती, परवाना कोणता. ज्या ओळीत ‘माहीत नाही’ येईल ती लायब्ररी बदलण्याचे काम याच महिन्यात घ्या. आपल्याकडच्या फोनचा सॅम्पल रेट, बर्स्टच्या फ्रेम आणि ऑडिओ प्रो हे फीचर मिळते की नाही, हेही मॉडेलच्या नावासह आम्हाला कळवा. दोन-तीन हजार रुपयांत जुने मिळणारे फोन आधी मोजा, कारण भजनी मंडळांत तेच आहेत. पुढच्या अंकात हा तक्ता छापू. एफएफएमपेगची आमची १६ केबीची बिल्ड स्क्रिप्ट ज्यांना हवी असेल त्यांनी पत्रात तसे लिहावे, आम्ही पाठवू. ज्यांनी स्वतःची स्क्रिप्ट केली आहे त्यांनी ती आम्हाला द्यावी.