झायोनवाद म्हणजे यहुदी धर्म नव्हे

गेल्या काही महिन्यांत पक्षाच्या दोन-तीन अभ्यासवर्गांत बोलण्याचा योग आला. गाझाचा विषय निघाला की कोणी ना कोणी तरुण कार्यकर्ता संतापून म्हणतो, “हे ज्यू लोक असेच!” त्याच्या संतापाविषयी माझी तक्रार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून गाझामध्ये जो मनुष्यसंहार झाला तो पाहून ज्याचे रक्त तापत नाही त्याने स्वतःला समाजवादी म्हणवून घेऊ नये. माझी तक्रार आहे ती ‘ज्यू’ या शब्दाविषयी. ज्यू म्हणजे झायोनवादी आणि झायोनवादी म्हणजे इस्रायल, हे समीकरण इस्रायलच्या राज्यकर्त्यांनाच हवे आहे. ते एकदा मान्य झाले की इस्रायलवरील प्रत्येक टीकेला ज्यूद्वेषाचा शिक्का मारता येतो. आपला कार्यकर्ता रागाच्या भरात प्रतिपक्षाचेच गृहीतक स्वीकारतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

यहुदी धर्मात जेरुसलेमची ओढ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. शतकानुशतके त्या धर्माच्या प्रार्थनांत ती व्यक्त झाली आहे. परंतु परंपरेने ती ओढ ईश्वरी उद्धाराशी जोडली होती. मसीहा येईल तेव्हा परतणे घडेल, माणसाने शस्त्रबळाने ती घटिका ओढून आणू नये, अशी सनातनी रब्बींची धारणा होती. झायोनवाद हे त्या श्रद्धेचे सरळ फलित नव्हे. तो एकोणिसाव्या शतकातील युरोपीय राष्ट्रवादाचे अपत्य आहे. त्याचा प्रवर्तक थिओडोर हर्झल हा व्हिएन्नाचा पत्रकार धर्माचरणापासून दूर होता. १८९६ च्या आपल्या पुस्तिकेत त्याने पॅलेस्टाइनबरोबर अर्जेंटिनाचाही विचार केला, आणि १९०३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भूमीचा ब्रिटिश प्रस्ताव त्याने झायोनवादी परिषदेपुढे ठेवला. धर्मभूमीची अनिवार ओढ हीच मूळ प्रेरणा असती तर हे पर्याय सुचले असते काय?

पहिली झायोनवादी परिषद ऑगस्ट १८९७ मध्ये बाझल येथे भरली. ती मुळात म्युनिकमध्ये भरावयाची होती. पण तेथील ज्यू समाजाने आणि जर्मनीतील रब्बींनी तीव्र विरोध केल्यामुळे ती स्वित्झर्लंडला हलवावी लागली. त्यापूर्वीच, १८८५ मध्ये, अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी पिट्सबर्ग येथे ठराव करून आपण राष्ट्र नसून एक धार्मिक समाज आहोत असे जाहीर केले होते. सनातनी आणि सुधारक एरवी एकमेकांचे तोंड पाहत नसत; झायोनवादाच्या विरोधात मात्र त्यांच्यातील मोठा वर्ग एका बाजूला उभा होता.

समाजवाद्यांनी तर एक गोष्ट विसरताच कामा नये. बाझलच्या परिषदेनंतर दोनच महिन्यांनी विल्ना शहरात ज्यू कामगारांचा ‘बुंड’ हा समाजवादी पक्ष स्थापन झाला. आपण जेथे राहतो, राबतो, तेथेच समान हक्कांसाठी लढू, हे त्याचे सूत्र होते. रशियन साम्राज्यातील हजारो ज्यू कामगारांना हर्झलच्या स्वप्नापेक्षा हा मार्ग जवळचा वाटला.

आणि बाल्फर जाहीरनामा? २ नोव्हेंबर १९१७ च्या या जाहीरनाम्याला ब्रिटिश सरकारात सर्वांत कडवा विरोध केला तो एका ज्यू मंत्र्याने. त्याचे नाव आपल्याला परिचित आहे: मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतील भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू. ज्यूंचे ‘राष्ट्रीय घर’ पॅलेस्टाइन ठरले तर प्रत्येक देशातील ज्यू तेथे परका ठरेल, हे त्याने ओळखले होते. म्हणून सरकारच्या या धोरणालाच त्याने ज्यूद्वेष्टे म्हटले. उलट जाहीरनाम्यावर ज्याची सही आहे तो बाल्फर १९०५ मध्ये पंतप्रधान असताना पूर्व युरोपातून येणाऱ्या निर्वासित ज्यूंना रोखणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला होता. स्वतःच्या दारात ज्यू नको, दुसऱ्याच्या भूमीत त्यांचे राष्ट्र हवे! १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनच्या लोकसंख्येत ज्यू सुमारे ११ टक्के होते. उरलेल्यांना कोणी विचारले नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल की हिटलरने हा वाद निकालात काढला. ६० लक्ष ज्यूंच्या हत्येनंतर स्वतंत्र राज्याशिवाय तरणोपाय नव्हता. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे अमानुषपणाचे होईल. १९३८ मध्ये एव्हियांच्या परिषदेत बहुतेक देशांनी ज्यू निर्वासितांना दारे बंद ठेवली, हे सत्य आहे. पण बुंडचा कार्यकर्ता वादात हरला नाही, त्याला ठार मारण्यात आले. मारला गेला म्हणून त्याचा विचार खोटा ठरत नाही. शिवाय तो अपराध युरोपचा होता. त्याचे प्रायश्चित्त १९४८ मध्ये सात लक्षांहून अधिक पॅलेस्टिनी अरबांनी घरदार गमावून का घ्यावे, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. तरुणपणी शिबिरांत आम्ही किब्बुत्झच्या सामुदायिक शेतीची वर्णने भारावून ऐकली. १९५३ च्या रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत भारतीय समाजवादी इस्रायलच्या मापाई पक्षाबरोबर बसले होते. जमीन कोणाची, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न आम्ही विचारलाच नाही. १९०१ मध्ये स्थापन झालेला ज्यू राष्ट्रीय निधी जमिनी विकत घेई, बहुधा बैरूतसारख्या शहरांत राहणाऱ्या गैरहजर जमीनदारांकडून, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारी अरब कुळे निघून जात. ‘हिब्रू श्रमा’च्या घोषणेखाली अरब मजुराला कामावरून दूर ठेवण्याच्या मोहिमेत हिस्ताद्रुत ही कामगार संघटनाच पुढे होती. कुळाला हुसकावून उभारलेल्या सहकाराला समाजवाद म्हणणे ही आपली चूक होती.

ज्या राज्याने जगभरच्या ज्यूंचे घर होण्याचा दावा केला त्याने त्यांचे स्वागत कसे केले, याचा दाखला कोकणाने दिला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले आपले बेने इस्रायल. पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे, मराठी त्यांची मायबोली. येथे शतकानुशतके त्यांच्या धर्माला कोणी धक्का लावला नाही. १९४८ नंतर त्यांतील हजारो इस्रायलला गेले. तेथील प्रमुख रब्बींच्या कचेरीने १९६२ मध्ये त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश दिले. अलिबागेत ज्यांच्या ज्यूपणाविषयी कोणी शंका घेतली नाही, त्यांना जेरुसलेममध्ये त्यासाठी धरणे धरावे लागले! १९६४ मध्ये संसदेला हस्तक्षेप करावा लागला. धर्म ही राष्ट्रीयत्वाची कसोटी केली की ती कसोटी घेणारा पुरोहित राज्याच्या उंबरठ्यावर बसणारच. २०१८ च्या कायद्याने तर राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा अधिकार एकट्या ज्यूंचा ठरवला. नागरिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा असलेले अरब त्यातून वगळले गेले.

हे तर्कशास्त्र आपल्याला अनोळखी नाही. पितृभू आणि पुण्यभू एक असेल तोच खरा राष्ट्रीय, हा सिद्धान्त सावरकरांनी १९२३ मध्ये मांडला, आणि त्यांनीच डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याच्या कल्पनेचे स्वागत केले. आज आपल्याकडे इस्रायलचा जो उदोउदो चालतो तो ज्यूंच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना हवे असलेले राज्य तेथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते, म्हणून.

तेव्हा कार्यकर्त्यांनी भाषा काटेकोर ठेवावी. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने निरपराध नागरिकांची केलेली कत्तल निषेधार्हच आहे, आणि तिच्या नावाखाली गाझाचा केलेला विध्वंसही तितकाच निषेधार्ह आहे. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात शेकडो ज्यूंनी युद्धबंदीसाठी ठिय्या देऊन स्वतःला अटक करवून घेतली. ते आपले सहप्रवासी आहेत. “हे ज्यू लोक असेच” असे म्हणणारा त्यांनाही शत्रूच्या छावणीत ढकलतो. आपला लढा धर्माच्या आधारे नागरिकांत उच्चनीच ठरवणाऱ्या राज्यकल्पनेशी आहे. ती जेरुसलेममध्ये चूक असेल तर नागपूरमध्येही चूकच आहे, आणि तेहरान व इस्लामाबादमध्येही.