नेट गेलें म्हणजे कोठें गेलें?

“नेट गेलें!” हे दोन शब्द हल्लीं प्रत्येक घरांत दिवसांतून एकदां तरी ऐकूं येतात. त्यांपाठोपाठ कोणीतरी उठून राउटरचें बटण बंद करितो, मनांत दहापर्यंत आंकडे मोजतो व तें पुन्हां चालू करितो. दोन-तीन मिनिटांनीं हिरवे दिवे लागतात, मंडळी आपापल्या कामास लागतात, आणि तासाभरानें पुन्हां तीच आरोळी. ह्या कृतीस उपाय म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं माझें मत प्रतिकूल आहे, व तें होण्यास जें घडलें तें सांगण्यास मला थोडी लाज वाटते, तरी सांगतों.

गेल्या नाताळापूर्वीं आमच्या घरास रंग दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत राउटरला ही खोड लागली. जानेवारींत माझ्या मुलीची एका शिष्यवृत्तीसाठीं इंटरनेटवरून मुलाखत होती. मुलाखत निम्मी झाली असतां परीक्षकांनीं दहावीची मूळ गुणपत्रिका कॅमेऱ्यासमोर धरण्यास सांगितलें. ती आणावयास मी आंतल्या खोलींत गेलों, आणि परत येतों तों पडद्यावरील चेहरे थिजलेले. राउटर बंद करून चालू केला. नेट आलें, परंतु तोंपर्यंत तिची वेळ संपून पुढील उमेदवाराची मुलाखत सुरू झाली होती. मुलगी कांहीं बोलली नाहीं. मी मात्र बोललों, आणि तें तिच्या धाकट्या भावास. तो नववींत आहे, व मोबाइलवर खेळण्याचा त्यास नाद आहे. “तुझ्या खेळानेंच सारी लाइन खाल्ली,” असें म्हणून मीं त्याचा मोबाइल काढून घेतला व टेबलाच्या खणांत ठेवला. तो म्हणाला, “पप्पा, मी खेळत नव्हतों. नेट जातें तेव्हां लाल दिवा लागतो, तो तुम्ही पाहिला का?” मला हें उलट बोलणें वाटलें.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एका स्नेह्यानें कंपनी बदलण्यास सांगितलें, दुसऱ्यानें नवा राउटर घेण्यास, तिसऱ्यानें ‘रेंज’ वाढविणारें आणखी एक यंत्र लावण्यास. सारेच ठामपणें बोलत होते. नेट नक्की कोणत्या ठिकाणीं तुटतें, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाहीं. मीहि नाहीं, आणि मी तर विज्ञान शिकवितों!

‘पाणी गेलें’ असें कोणी म्हटलें, तर घरांतील शहाणें माणूस प्रथम तोटी पाहतें, मग गच्चीवरील टांकी पाहतें, आणि मग शेजारीं नळाला पाणी आहे का हें विचारतें. तोटींत कचरा अडकला असतां नगरपालिकेच्या नांवानें बोटें मोडण्यांत अर्थ नसतो. नेटच्या वाटेचेहि असेच तीन टप्पे आहेत: मोबाइलपासून राउटरपर्यंतचा हवेंतला टप्पा, स्वतः राउटर व त्याचा अॅडॉप्टर, आणि राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतची तार.

हे टप्पे वेगळे करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. राउटरजवळ उभें राहिल्यास नेट चालतें व मागल्या खोलींत चालत नाहीं, तर दोष हवेंतला. वाय-फायच्या लहरी बहुतेक घरांत मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्या ओलांडतात, परंतु त्या पट्ट्यांत एकमेकांस धक्का न लागतां चालतील असे चॅनल १, ६ व ११ हे तीनच. शिवाय मायक्रोवेव्ह भट्टीहि जवळजवळ त्याच लहरींवर चालते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा पुष्कळ, पण भिंतीपुढें तिचें बळ लवकर सरतें. सारे दिवे एकाएकीं विझून आपोआप पुन्हां लागत असतील, तर अॅडॉप्टरवर संशय घ्यावा. वर्षानुवर्षें तापून तो थकतो. आणि संगणक केबलनें थेट राउटरला जोडला असतां राउटर उत्तर देतो, पण बाहेरचें जग देत नाहीं, तर दोष त्याच्या पलीकडचा. प्रकाशतंतूच्या जोडणींत ‘एल.ओ.एस.’ नांवाचा दिवा लाल झाला, म्हणजे तारेंतून येणारा प्रकाश यंत्रापर्यंत पोंचत नाहीं इतका स्पष्ट त्याचा अर्थ आहे. अशा वेळीं बटण शंभरदां दाबलें तरी प्रकाश कोठून येणार?

येथें एक इशारा देऊन ठेवतों. राउटरच्या मागें सुईच्या अग्रानें दाबावयाचें एक लहान छिद्र असतें. तें दाबून धरणें म्हणजे राउटर बंद-चालू करणें नव्हे. त्यानें आंतील सारी मांडणी पुसली जाते, आणि कंपनीनें दिलेलें नांव व संकेतशब्द जवळ लिहिलेला नसेल तर कारागीर येईपर्यंत हात जोडून बसावें लागतें. मीं त्या आठवड्यांत तेंहि करून पाहिलें.

शेवटीं नाइलाजानें एक जुनी वही घेतली आणि नेट जाईल तेव्हां वेळ, दिव्यांचा रंग व घरांत कोण काय करीत होतें हें लिहूं लागलों. सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. मुलाचा मोबाइल खणांतच होता, तरी अकरा. प्रत्येक वेळीं लाल दिवा होता. सकाळीं पावणेसातच्या सुमारास व सायंकाळीं सातला नोंदी दाट होत्या, आणि चौथ्या रकान्यांत एकच गोष्ट पुनःपुन्हां येत होती: कोणीतरी कपडे काढीत अथवा ठेवीत होतें. रंगकाम झाल्यावर लोखंडी कपाट आम्हीं वीतभर सरकवून ठेवलें होतें. त्याचें दार पूर्ण उघडलें कीं तें भिंतीवर खिळ्यास गुंडाळलेल्या बारीक तारेवर जाऊन टेकत असे. दार उघडून पाहिलें, लाल दिवा. लोटलें, मिनिटभरानें हिरवा. पुन्हां उघडलें, पुन्हां लाल.

त्या तारेंतील कांचेच्या तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, व ज्यांतून प्रकाश जातो तो गाभा अवघा ९ मायक्रोमीटरच्या आसपास. पूर्ण आंतरिक परावर्तनानें प्रकाश आंतल्या आंत राहून पुढें सरकतो, हें आम्हीं वर्गांत शिकवितों. लंडन येथें १८५४ सालीं जॉन टिंडल यांनीं पाण्याच्या वांकड्या धारेंतून प्रकाश वळवून हेंच दाखविलें होतें. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं शुद्ध कांचेच्या तंतूंतून दूरवर संदेश धाडतां येतील असें मांडलें, व २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तंतूस फार तीव्र बांक दिला कीं प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. हें वाक्य मीं फळ्यावर कितीदां लिहिलें असेल! माझ्या घरांत तें कपाटाच्या दारामागें घडत होतें.

आणि मुलाखतीच्या दिवशीं तें दार कोणीं उघडलें? गुणपत्रिका त्याच कपाटांत होती.

बटणाविषयीं माझी तक्रार आहे ती हीच. राउटर पुन्हां सुरू होण्यास दोन-तीन मिनिटें लागत. तेवढ्यांत कपाट लावलें जाई, आणि श्रेय बटणास मिळे. शिवाय पुष्कळ घरगुती राउटर काय बिघडलें ह्याची टांचणें आपल्या स्मरणांत ठेवतात, तीं वीज जातांच नाहींशी होतात. म्हणजे आपण पुरावाच पुसून टाकितों. कधीं कधीं राउटर खरोखरच गोंधळलेला असतो व बंद-चालू केल्यानें सुधारतो, हें मला मान्य आहे. पण दिवे पाहून, वेळ टिपून मग बटणाला हात लावण्यास अर्धें मिनिट लागतें. तें अर्धें मिनिट मीं दिलें असतें, तर एका निरपराध मुलास आठ दिवस शिक्षा झाली नसती, आणि त्याच्या बहिणीस पुढील वर्षाची वाट पाहावी लागली नसती.

कपाट सरकविलें, तार सैल वळणानें नव्यानें बसवून घेतली, आणि लाल दिवा पुन्हां दिसला नाहीं. मोबाइल परत देतांना मुलाची मीं क्षमा मागितली. “बरं,” एवढेंच तो म्हणाला व खेळूं लागला. वही आतां त्याच्याच ताब्यांत आहे. त्यानें केलेली परवांची नोंद अशी: ‘रात्रीं ८-१०. लाल दिवा नाहीं. फक्त मागल्या खोलींत.’ हें दुखणें हवेंतल्या टप्प्याचें दिसतें; त्या खोलींत शेजारच्या इमारतींतील चौदा वाय-फायांचीं नांवें मोबाइलवर उमटतात. येत्या रविवारीं आम्ही दोघे आमचा चॅनल सहावरून अकरावर नेऊन पाहणार आहों, दुसरें कांहींहि न बदलतां.