चावडीवरील आंकडा

सुएझ कालव्याच्या दक्षिण तोंडाशीं, तेवफिक बंदरांत, इंग्रज सरकारनें १९२६ सालीं एक युद्धस्मारक उघडलें. पहिल्या महायुद्धांत ईजिप्त व पॅलेस्टाइनकडे पडलेल्या हिंदी लष्करांतील सुमारें ४००० लोकांचें तें स्मारक. त्यावर जॅगर नांवाच्या शिल्पकारानें घडविलेले दोन वाघ होते. जागा अशी कीं, मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटींना ते दिसावे. फेब्रुवारी १९१५ मध्यें तुर्कांचा कालव्यावरील हल्ला मुख्यतः हिंदी पलटणींनीं परतविला. १९१८ सालीं १०५ वी मराठा पलटण पॅलेस्टाइनांत लढली. परंतु वाघ जगाला सांगत होते तें साम्राज्याचें सामर्थ्य. शिपाई निमित्तमात्र!

पुढें काय झालें? १९५६ सालीं नासरनें कालवा ईजिप्तचा केला. नंतर १९६७ ते १९७३ या काळांत ईजिप्त-इस्रायलच्या झगड्यांत स्मारकाची इतकी मोडतोड झाली कीं, तें अखेर पाडावें लागलें. मेलेल्यांना त्या भांडणाचें सोयरसुतक नव्हतें. ऑक्टोबर १९८० मध्यें कैरोच्या हेलिओपोलिस येथील युद्धस्मशानांत त्यांच्या नांवांचें नवें स्मारक झालें; भारताच्या राजदूताच्या हस्तें तें उघडलें. तेथें साम्राज्याचा डौल नाहीं, नांवें आहेत. आमच्या मतें स्मारक खरें झालें तें तेथेंच.

सर्वांच्या नशिबीं तेंहि नव्हतें. बसऱ्याच्या स्मारकावर साहेबांचीं नांवें कोरलीं, साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आंकडा! हा भेदभाव स्मारकें सांभाळणाऱ्या कमिशननें २०२१ सालीं स्वतःच कबूल केला.

पण साहेबाला बोल लावण्यापूर्वीं आपल्याच चावडीकडे पाहावें. महाराष्ट्रांत कितीतरी गांवीं भिंतींत एक लहानशी फरशी आहे. गांवांतून लढाईवर किती गेले, किती मेले, एवढेंच तीवर लिहिलें आहे. ते कोण? कुणब्या-मराठ्यांचीं पोरें, १९१७ सालीं उभारून १९२१ सालीं मोडलेल्या १११ व्या महार पलटणींतले गडी. ते पगारासाठीं मेले असें म्हणणारे शहाणे आहेत, त्यांनीं म्हणावें. जे गेले त्यांच्या घरीं बहुधा लिहिणारा नव्हता, आणि जे लिहिणारे होते ते बहुधा गेले नाहींत.

कमिशनची यादी आज कोणालाहि पाहतां येते. पुष्कळ नांवांपुढें बापाचें नांव, गांव, जिल्हा दिलेला आहे. सरपंच व शाळामास्तर यांनीं आपल्या गांवचीं नांवें काढून फरशीखालीं कोरावीं. जत्रेच्या मांडवाइतकाहि खर्च येणार नाहीं. येत्या ग्रामसभेंत ठराव मांडावा व नांवें आम्हांकडे पाठवावीं. आम्ही तीं या पत्रांत छापूं.