४,३९३ लोकांची नगरपरिषद: माथेरानचं उदाहरण आणि आपल्या फोनमधली 'तक्रार निकाली'

नवीन फोन आला की आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, कॅमेरा बघतो. पण रस्त्यावरचा दिवा लागत नाही, कचऱ्याची गाडी आली नाही, जन्मदाखल्यात नाव चुकलं, तर याच फोनवरून नेमकं काय करायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. म्हणून आज कुठल्या ॲपचा रिव्ह्यू नाही. आज बोलूया नगरपरिषदेबद्दल, आणि उदाहरण घेऊया माथेरानचं.

माथेरानच का?

माथेरानला जाताना दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते. तिथून पुढे खासगी गाडीला परवानगी नाही. मी तिथे उतरलो तेव्हा फोनवरच्या नकाशात बाजारपेठ जवळच दिसत होती, पण तिथे पोचायचं कसं हे नकाशा सांगत नव्हता. चालत, घोड्यावर, हातरिक्षात, ई-रिक्षात की अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेनने? कुठलं वाहन आत्ता चालू आहे आणि दर काय, हे जो माणूस समोर येईल त्यालाच विचारावं लागतं. आणि समोर येणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचीच सेवा विकायला आलेला असतो.

ही गोष्ट छोटी वाटते, पण मार्च २०२५ मध्ये यावरूनच माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला होता. दस्तुरीला आलेल्या पर्यटकांना चुकीची माहिती देऊन फसवलं जातं, त्यामुळे गावाचं नाव खराब होतं, ही त्यामागची मुख्य तक्रार होती. म्हणजे भांडण माहितीचं होतं! ट्रेन चालू आहे की बंद, ई-रिक्षा कुठे मिळते, अधिकृत दर काय, हे ठळक अक्षरांत एका जागी मिळालं असतं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला असता.

आता या गावाचा आकार बघा. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या होती ४,३९३. मुंबईतल्या दोन-चार मोठ्या गृहसंकुलांत यापेक्षा जास्त माणसं राहत असतील. तरीही तिथे पूर्ण नगरपरिषद आहे, 'गिरिस्थान नगरपरिषद'. महाबळेश्वर आणि पाचगणीलाही अशीच गिरिस्थान नगरपरिषद आहे. कायदा बाकीच्या नगरपरिषदांचाच, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. रोजची कामंही तीच: झाडलोट, दिवाबत्ती, घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, बांधकाम परवानगी.

फरक एवढाच, की इथे मतदार काही हजार आणि सुट्टीच्या दिवशी येणारे पाहुणे कितीतरी जास्त. कचरा पाहुण्यांचाही असतो, पण तो उचलायला माणसं मात्र छोट्या गावाचीच.

तक्रार कोणाकडे? इथेच खरी मेख आहे

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. माझ्या गावात (नाव मुद्दाम देत नाही) गल्लीतला दिवा बंद होता. मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. चौथ्या दिवशी नोटिफिकेशन आलं, 'तक्रार निकाली'. बाहेर जाऊन बघितलं तर अंधारच! पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा निकाली. शेवटी कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कने शांतपणे सांगितलं, "दादा, दिवा आमचा, पण त्या खांबावरची लाइन वीज कंपनीची आहे. तिथे सांगा."

म्हणजे ॲपच्या दृष्टीने 'निकाली' याचा अर्थ होता 'हे आमचं काम नाही'. पण स्क्रीनवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माथेरानमध्ये हा गुंता आणखी मोठा आहे. बघा:

* पाणी: उल्हास नदीवरून उचलून डोंगरावर चढवण्याचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं.
* वीज: महावितरण.
* मिनी ट्रेन: मध्य रेल्वे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, हा निर्णयही रेल्वेचाच.
* जंगल: वन विभाग.
* मोठं बांधकाम, रस्ते, वाहनं: ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. त्यामुळे इथे नगरपरिषदेच्या ठरावानंतरही सनियंत्रण समिती आणि न्यायालय यांचा शब्द महत्त्वाचा ठरतो.
* कचरा, सफाई, प्रवासी कर, दाखले: हे मात्र नगरपरिषदेकडे.

म्हणून कुठलीही तक्रार टाकण्याआधी दोन मिनिटं घालवा आणि ते काम कोणाचं आहे ते शोधा. माझे आठ दिवस वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

ई-रिक्षा: सगळ्यात मोठा निर्णय, आणि त्यातली यादी

माथेरानची सध्याची सगळ्यात मोठी बातमी म्हणजे हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढायचं, तेही लाल मातीच्या चढावर, धो धो पावसात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर करायला परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या अखेरीस हा प्रयोग सुरू झाला. पुढे २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवायला सांगितलं. मग ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे. १९८० मध्येच न्यायालयाने पंजाबमधल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या खटल्यात त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, याचीही आठवण खंडपीठाने करून दिली.

आता आपल्या कामाचा भाग. न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचा नमुना समोर ठेवला. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्यायच्या आणि खऱ्या हातरिक्षा चालकांना भाड्याने द्यायच्या. खरे चालक कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवायचं. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला आणि इतर गरजू स्थानिकांना द्यायच्या. पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, असंही बजावलं. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली, पण आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर नाही.

गाडीची रेंज किती, चार्जिंगला किती वेळ, चढावर बॅटरी किती टिकते, हे प्रश्न आपल्याला लगेच सुचतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण मला विचाराल तर इथलं सगळ्यात नाजूक तंत्रज्ञान बॅटरी नाही, ती यादी आहे. 'खरा हातरिक्षा चालक' कोण? परवाना ९४ हातरिक्षांचा आहे. पण परवाना ज्याच्या नावावर आहे तोच रोज रिक्षा ओढतो का? की परवाना एकाचा आणि खांदा दुसऱ्याचा? ज्याने वीस वर्षं रिक्षा ओढली पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याचं काय?

एक्सेलच्या शीटमध्ये एक ओळ कमी झाली तर एका घराची चूल बंद पडते. आणि एक ओळ जास्त झाली तर ज्याने आयुष्यात रिक्षा ओढली नाही त्याला गाडी मिळते. म्हणून अशी यादी नावांसकट नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर लागली पाहिजे, हरकती घ्यायला मुदत मिळाली पाहिजे आणि हरकतीवर काय निर्णय झाला तेही कळलं पाहिजे. हे करायला एआय लागत नाही. एक पीडीएफ पुरते, फक्त ती स्कॅन केलेली तिरकी, अस्पष्ट पीडीएफ नको!

घोडेवाल्यांची बाजूही सोडून चालणार नाही. कित्येक कुटुंबं घोड्यांवर जगतात. ई-रिक्षा वाढल्या की आपल्या पोटावर पाय येईल ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. दुसरीकडे शाळेत जाणारी मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांना चढ चढायला काहीतरी हवंच. असा निर्णय कोर्टात झाला तरी तो रोज राबवायचा आहे डोंगरावरच, आणि बऱ्याच गोष्टींसाठी लोक विचारायला येणार ते नगरपरिषदेच्या दारात.

मग आपण फोनवरून काय करू शकतो?

तुम्ही माथेरानचे असा, चिखलदऱ्याचे असा की सपाटीवरच्या एखाद्या छोट्या शहराचे, या पाच गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतात.

१) सेवा हक्क वापरा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला की मिळणारा क्रमांक जपून ठेवा. मुदतीत सेवा मिळाली नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

२) माहिती अधिकार. शुल्क फक्त १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'भ्रष्टाचार का करता?' असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. 'अमुक रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत द्या' असं मागा.

३) महाटेंडर्स बघा. राज्याच्या निविदा या साइटवर असतात आणि चालू निविदा बघायला लॉगिन लागत नाही. आपल्या नगरपरिषदेचं नाव शोधा. पुढच्या महिन्यात कुठला रस्ता खोदला जाणार हे काही वेळा तिथे आधीच कळतं.

४) घरपट्टी जपून भरा. बऱ्याच यूपीआय ॲपमध्ये महापालिका कर असा विभाग असतो. तिथे आपली नगरपरिषद आहे का बघा, मालमत्ता क्रमांक टाका, नाव जुळतंय ना याची खात्री करा आणि पावती डाउनलोड करून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून मात्र कधीही भरू नका, मेसेज कितीही 'अधिकृत' वाटला तरी.

५) जन्मदाखला तपासा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे. घरात लहान बाळ असेल तर नावाचं स्पेलिंग आत्ताच बघून घ्या. अठरा वर्षांनी दुरुस्तीसाठी फिरण्यापेक्षा हे सोपं आहे.

आता नगरसेवकही आहेत

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. निवडून आलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रश्न विचारायचा तरी कोणाला? डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, माथेरानचाही त्यात समावेश होता, आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. म्हणजे आता मुख्याधिकारी कामकाज बघतात, आणि ठराव करणारी सभा पुन्हा भरते. त्या सभेचा अजेंडा आणि इतिवृत्त मागा. माझ्या अनुभवात तक्रारीच्या ॲपपेक्षा हे इतिवृत्त जास्त उपयोगी पडतं, कारण त्यात कोणी काय म्हटलं आणि काय ठरलं ते लिहिलेलं असतं.

माझ्या गल्लीतल्या दिव्याचं काय झालं? वीज कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी नगरपरिषदेचं पत्र मागितलं. मी आमच्या प्रभागाच्या ताईंना दोन्ही 'निकाली'चे स्क्रीनशॉट पाठवले. त्यांनी पत्र काढून घेतलं, आणि तीन दिवसांनी दिवा लागला. ॲप बनवणारे, कार्यालयातले, वीज कंपनीतले, सगळे आपापलं काम बरोबरच करत होते. फक्त मधली एक चिठ्ठी कोणी लिहीत नव्हतं.

तुमच्या नगरपरिषदेचा काय अनुभव आहे? तक्रारीवर 'निकाली' आलं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि आधी बाहेर जाऊन दिवा लागलाय का ते बघा.