दुसरे सिझर आणि सुईण

दुसरे सिझर ठरले, मग सुईण कशाला, हा समज वऱ्हाडात रूढ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारांतील एक जन्म सिझरने होतो. तेव्हा हा प्रश्न घरोघरीचा आहे. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. टाक्यांची निगा, अंगावरचे दूध, मनातली भीती यांना मात्र आठवडे लागतात. अमरावतीच्या डफरीनमध्ये वा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये डॉक्टरांना तेवढी सवड कोठून मिळणार? केंद्राने २०१८ साली १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची सुईण-परिचारिका योजना आखली, ती मुख्यतः नैसर्गिक प्रसूतीसाठी. सुरी शल्यविशारदाच्याच हाती राहो! परंतु तारखेआधी कळा आल्यास जुना व्रण उसवू शकतो, म्हणून केव्हा निघावे, हे मेळघाटातल्या बाईस तिच्या कोरकूत सांगणारी जाणती सुईण नेमावयास नको काय?