मुखपृष्ठाचे मानधन

दिवाळी अंकाच्या तयारीसाठी आमचे संपादक मंडळ गेल्या आठवड्यात बसले, तेव्हा जाहिराती, कागदाचे भाव आणि टपालखर्च हे नेहमीचेच तीन विषय पुढे होते. चौथा विषय एका उत्साही तरुण सभासदाने खिशातून काढला. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर एक मुखपृष्ठ तयार होते. मागे लक्ष्मीविलास राजवाडा, पुढे नऊवारीतील सुवासिनी, तिच्या हाती तबक आणि तबकात निरांजन. "काका, चार ओळी लिहिल्या आणि अर्ध्या मिनिटात चित्र आले. यंदा मुखपृष्ठाचे मानधन वाचेल," तो म्हणाला. खजिनदारांची मुद्रा उजळली.

आम्ही चष्मा पुसून चित्र न्याहाळले. सुवासिनीच्या उजव्या हाताला सहा बोटे होती आणि काष्ट्याचा तर पत्ताच नव्हता. सभेत हशा पिकला. मात्र घरी परतताना वाटले की, आपण भलत्याच जागी हसलो. सहावे बोट आज ना उद्या जाईल. अशा चुका हे यंत्र झपाट्याने सुधारीत आहे. उद्या चित्र निर्दोष उतरले, तर आमची हरकत कोणती?

बडोदेकरांनी यंत्राच्या नावाने बोटे मोडावीत, हे शोभणारेही नाही. राजा रविवर्म्यांनी सयाजीराव महाराजांसाठी चौदा पौराणिक चित्रे रंगविली ती याच राजवाड्याकरिता. आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना त्यांना १८८४ साली केली ती बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरकडील मराठी कुळातले सर टी. माधवराव यांनी. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती गरिबांच्याही देवघरात पोहोचल्या. यंत्राने तेव्हा चित्रकाराचे नाव घरोघरी नेले. शिवाय प्रत्येक रंगासाठी दगडावर रेखाटणारे कसबी हात त्या छापखान्याला लागत. आमच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही पुढे त्या छापखान्यासाठी शिलामुद्रणाचे काम केले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारी दृष्टी अशाच पोटापाण्याच्या कामांत तयार झाली.

नव्या यंत्राची रीत निराळी आहे. डॅल-ई, मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही नावे २०२२ साली सर्वतोमुखी झाली. शब्दांचे आणि आकारांचे नाते ही यंत्रे असंख्य चित्रे पाहून शिकतात. स्टेबल डिफ्यूजनच्या शिक्षणासाठी ज्या संग्रहातून चित्रे घेतली, त्या संग्रहात मथळ्यांसह सुमारे ५८५ कोटी चित्रांची नोंद आहे. त्यांत हयात चित्रकारांचेही काम आहे. त्यांना कोणी विचारले नाही, कोणी मोबदला दिला नाही. पुढे तर अमक्याच्या शैलीत चित्र काढ, असे नाव घेऊन यंत्राला सांगता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील तिघा चित्रकारांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातील स्वामित्वहक्काच्या मुख्य तक्रारी पुढे चालविण्यास परवानगी दिली.

यंत्राचे कैवारी म्हणतात की, विद्यार्थीही इतरांची चित्रे पाहूनच शिकतो. खरे आहे. पण विद्यार्थी दहा वर्षे खपतो, गुरूचे नाव सांगतो आणि एका वेळी एकाच दारी उभा राहतो. त्याच गुरूच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे तो एकाच रात्रीत फुकट हजर होत नाही.

आणि गिऱ्हाईक म्हणजे तरी कोण? आम्हीच की! चित्रकाराची चूल बहुधा प्रदर्शनांवर पेटत नाही. ती लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तके, पाट्या, दिनदर्शिका आणि मुखपृष्ठे यांवर पेटते. गोव्याच्या मातीतले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर मराठी घरांत शिरले ते मुखपृष्ठांच्या आणि दिनदर्शिकांच्या वाटेने. इंदुरात वाढलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत. हे फलक पुढे छापील फ्लेक्सने गिळले. आता मुखपृष्ठाची आणि पत्रिकेची पाळी आहे. मोठ्या चित्रकाराला यंत्र कदाचित धक्का लावणार नाही. ते तोडते आहे ती खालची पायरी, आणि ती गेली तर वर चढणार कोण?

आमच्या अंकाचे मुखपृष्ठ गेली कित्येक वर्षे एकच गृहस्थ काढतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याचे तुळशीवृंदावन काढले, पायरीचा उडालेला टवका जसाच्या तसा ठेवून. अंक पोहोचताच भोपाळहून एका आजींचे पत्र आले: "ती पायरी आमची. टवका माझ्या थोरल्याने भोवरा आपटून पाडला." यंत्र हजार वृंदावने काढील, एकाहून एक देखणी. पण वाड्याच्या दारात उन्हात बसून ती पायरी पाहणारा माणूस आम्ही मानधन देऊन धाडला होता.

पुढच्या बैठकीत आम्ही दोन ठराव मांडले. पहिला, मुखपृष्ठाचे मानधन कायम राहावे. दुसरा, अंकात यंत्राचे चित्र कधी छापलेच, तर त्याखाली तसे स्पष्ट लिहावे. खजिनदारांनी बराच वेळ आकडेमोड केली, दोन रंगीत पाने कमी केली आणि दोन्ही ठरावांना रुकार दिला. तरुण सभासद किंचित हिरमुसला. त्याच्या यंत्राला आमचा सरसकट विरोध नाही. हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर त्याने काढलेली पणती आम्हालाही आवडली, आणि तेथे कोणाची भाकरी हिरावली गेली नव्हती. यंदा चित्रकारांबरोबर जागा पाहावयास जाण्याचे काम आम्ही त्याच्याकडेच सोपविले आहे.

वाचकहो, न्यायालयांचे निकाल लागतील तेव्हा लागतील. आपल्या घरी मुंज निघेल, लग्न ठरेल, दुकानाला पाटी लागेल, तेव्हा मोबाइल हाती घेण्यापूर्वी गावात कोणी चित्रे काढणारा आहे का, एवढे विचारून पाहावे. तो बहुधा दोन गल्ल्यांपलीकडेच राहत असतो.